एका शब्दाला एक दम

रविवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी राक्षसाचा दगड झाला, आणि टेबलाभोवती कुणालाच आनंद झाला नाही.

राक्षस काही ऐरागैरा नव्हता. ताईनं त्याच्यावर आठवडाभर जीव ओतला होता. त्याला पुलाखालचं ओलं घर दिलं होतं, तीन सावल्या दिल्या होत्या, बोलण्यात खोच दिली होती. निदान दोन रविवार तरी पुरेल असा तिचा हिशेब. पण तो पुलाखालून डोकं काढून "कोण आहे रे वरती?" एवढंच म्हणाला, आणि धाकटीनं हात वर केला. हात वर म्हणजे मंत्र. मंत्र म्हणजे खेळ खलास.

"झालं?" शिंपीणकाकूंनी विचारलं. "मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती पुलावर."

"झालं," ताई म्हणाली.

खेळ होता गोष्टीचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि जिथं साधलं की फसलं असा प्रश्न येईल तिथं वीस पैलूंचा फासा टाकायचा. ताई सूत्रधार. तिचा नवरा आठवडाभर बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी चिलखत घातलेला योद्धा व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू साठीच्या पुढच्या, गुडघे धरधरून जिना चढणाऱ्या. त्या व्हायच्या चोरटी. भिंतीवरून पालीसारख्या सरसरायच्या, कुणाच्याही कमरेची किल्ली अलगद उचलायच्या. आणि धाकटी जादूगारीण.

खेळाचे नियम दोघी बहिणींनी पाच वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेले. त्यातला जादूचा नियम मोठा लाडका. जादूगारिणीपुढे शिंपीणकाकूंच्या डब्यातली बारा बटणं. एक बटण म्हणजे एक दम. मंत्र घालायचा तर तिथल्या तिथं दोन ओळी रचून, यमक जुळवून, मोठ्यानं म्हणायच्या आणि तीन बटणं द्यायची. यमक फसलं की सहा. बटणं संपली की जादू संपली. आणि धाकटी काय रचायची म्हणता! कुलूपबंद किल्ल्यापुढे उभी राहून म्हणायची,

लोखंडाच्या दारा, तुझी कडी कशानं रुसली
सांगते तिच्या कानी, वाट आमुची चुकली

आणि धुक्यात अडकले की,

धुक्या रे धुक्या, तुझं पांढरं पांघरूण
सरकव थोडं बाजूला, पाय गारठले चालून

आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या उघडायच्या. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला "गुडघा वाकवू नको" म्हणून सांगायची, तेही शिट्टीशिवाय. वडिलांनी तिला लहानपणीच भोंगा म्हणायला सुरुवात केली होती.

मग घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण एक स्वरतंतू रुसून बसला तो बसलाच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवसाला दहा मिनिटं बोलायचं, तेही सावकाश. कुजबुज तर मुळीच नको, तिनं घसा जास्त शिणतो. आवाज परत येईल, पण किती येईल ते आत्ता विचारू नका. भोंग्याच्या गळ्यात तेव्हापासून दोरीला बांधलेली पेन्सिल आली आणि हातात खिशातली वही.

पहिल्याच रविवारी ताईनं सांगून टाकलं, "तू नुसता हात वर कर. ओळी नकोत, बटणंही नकोत. आम्ही समजू." योद्धा म्हणाला, हो हो, अगदी. चोरटी म्हणाली, त्यात काय विचारायचं. सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांना पुढचं काही दिसलं नाही.

दिसायला लागलं ते चार रविवारांनी. दार आलं, हात वर. फौज आली, हात वर. योद्ध्याची तलवार म्यानात गंजली. चोरटीनं महिनाभर काही चोरलं नाही. आणि कुणी कुणाला काही म्हणेना. राक्षसाचा दगड झाला त्या दिवशी शिंपीणकाकू "माझं एक फ्रॉकचं काम राहिलंय गं" म्हणून उठल्या. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग भावोजींकडे, मग ताईकडे. वही काढली, पुन्हा खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी ताईच्या फोनवर निरोप आला. "माझी जादूगारीण मेली असं लिही. उद्या येत नाही. पुढच्या रविवारीही नाही."

ताई तशीच उठून तलावावर गेली.

धाकटी आता पाण्याच्या काठावर नसायची. तिला आत, काचेमागे, टॉवेल आणि कपाटाच्या किल्ल्या देण्याचं काम दिलं होतं. बाहेर दुसरीच कुणीतरी मुलांना शिकवत होती, शिट्टी फुंकून फुंकून. ओल्या फरशीचा आणि औषधी पाण्याचा वास भरून राहिला होता. ताईनं काचेच्या फटीतून तोंड घातलं.

"मेली म्हणजे काय? कशानं मेली?"

धाकटीनं वही ओढली. "कंटाळ्यानं."

"अगं, मी राक्षस अजून मोठा करते. दोन आणते."

"दोन हात वर करीन." पेन्सिल जोरात चालत होती. "काकू कंटाळल्या. भावोजी माझ्याकडे असं बघतात जसं मी पेशंट आहे. तू तर फासासुद्धा टाकत नाहीस माझ्या वेळी. ताई, ऑफिसात तुझ्यासमोर असा काटा आला तर पास करशील?"

ताईची नोकरी वजनमापं तपासण्याची. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, काटा खरा की खोटा ते बघायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा.

"तुझ्या घशासाठीच केलं ना सगळं," ती म्हणाली.

धाकटीनं पेन्सिल खाली ठेवली. दिवसाची दहा मिनिटं ती संध्याकाळी आईला फोन करायला राखून ठेवायची, हे ताईला ठाऊक होतं. ती खाकरली, आणि वाळूवरून पाय ओढत जावं तशा आवाजात म्हणाली,

"मला हरू दे."

मागे एक आजोबा टॉवेलसाठी उभे होते. ताई बाजूला झाली.

सोमवारी ताई बाजारात होती. फळवाल्याचा तराजू तिनं टांगला, दोन्ही पारडी रिकामी ठेवली, आणि वजनाचं पारडं खाली गेलं. हात फिरवला तर खाली लोखंडी चकती चिकटवलेली. म्हणजे गिऱ्हाइकाला दर वेळी चार फळं जास्त.

"हे काय हो बाबा?"

"मीच लावलीय बाई," म्हातारा म्हणाला. "नजर अधू झाली. काट्याचं टोक दिसत नाही नीट. कुणाला कमी जायला नको म्हणून. माझंच जातंय ना? मग तुमचं काय बिघडलं?"

असं उत्तर ताईनं वीस वर्षांत शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा एकच सांगितलं होतं: काटा कुणाच्याही बाजूनं झुकला तरी तो नापासच. आजही तेच सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि धाकटीचा वर केलेला हात डोळ्यांपुढे आला.

मग ती खाली बसली. चकती खरवडून काढली. पारडी सारखी केली. शेजारच्या रंगाच्या दुकानातून बोटभर पांढरा रंग मागून आणला आणि काट्याचं टोक जाडसर रंगवलं.

"आता बघा. दिसतंय?"

म्हाताऱ्यानं मान तिरपी केली, सरळ केली. "अरे वा. हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

"मलाही नाही सुचलं," ताई म्हणाली. "बहिणीच्या बाबतीत तर अजिबात नाही."

म्हाताऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं शिक्का कुठं मारणार ते तेवढं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नियम मांडू लागली. पहिली युक्ती नवऱ्याची. चहा गाळता गाळता म्हणाला, "मंत्र घातला की तेवढ्या फेऱ्या मौन. मोठा मंत्र, मोठं मौन. बघ, बोलणाऱ्याला बरोबर चटका बसेल."

ताईला पटलं. धाकटीला पाठवलं. उत्तर लगेच आलं: "मौन मला फुकट आहे. दिवसभर तेच तर खाते. महाग आहेत ते शब्द."

दुसरी युक्ती, मंत्र वहीत लिहायचा. शिंपीणकाकूंनी ती दारातूनच परतवली. "ती लिहून होईतो राक्षस जेवून, हात धुऊन, आडवा होईल."

तिसऱ्या दिवशी ताई गार झालेला चहा समोर घेऊन बसली होती. महाग आहेत ते शब्द. बरं, मग असूदेत महाग. एकटीलाच कशाला? सगळ्यांनाच असूदेत. टोक रंगवायचं, पारडं नाही झुकवायचं. तिनं नवीन पान उघडलं आणि लिहिलं:

'मंत्र कुणीही घालावा. एका शब्दाला एक दम. मंत्र तेवढंच करील जेवढं शब्दांत आहे. जे बोललं नाही ते फासा ठरवील: दहा किंवा वर, तर बोलणाऱ्याच्या मनासारखं, खाली, तर सूत्रधाराच्या.'

"म्हणजे 'आग' म्हटलं की एका बटणात आग," नवरा म्हणाला. "पण कुठं लागेल ते देव जाणे."

"फासा जाणे."

"आणि 'समोरच्या राक्षसाच्या उजव्या मिशीला आग' म्हटलं तर?"

"मिशीलाच लागेल. पण पाच बटणं गेली."

नवऱ्यानं कप ठेवला आणि बाही वर सरकवली. लिफ्ट दुरुस्त झाली की रिकामी वरखाली पळवून बघतात, तशी त्या दोघांनी आठवडाभर रोज पहाटे ती जादू पळवून बघितली. एका शब्दाचे पन्नास मंत्र, दोनाचे पन्नास, पाचाचे पन्नास. ताई रकाने भरत गेली. लांब मंत्र सुखरूप पण दोनतीनांतच दम खलास. आखूड मंत्र स्वस्त, पण निम्म्या वेळा आपल्याच अंगावर. पारडी सारखी होती. तरी ताईला कुठंतरी टोचत राहिलं. शुक्रवारी ते सापडलं. यमक गेलं होतं. धाकटीच्या हातातून तिचं सगळ्यात आवडतं खेळणं काढून घेऊन कसला न्याय? तिनं शेवटी एक ओळ जोडली: 'आधीच्या मंत्राच्या शेवटाशी यमक जुळलं तर एक बटण परत.'

फोनवर नियम गेला. तासाभरानं उत्तर आलं. "जादूगारीण मेली नाही. बेशुद्ध होती."

रविवारी धाकटी वेळेआधी आली. शिंपीणकाकूंनी बारा बटणं मोजून तिच्यापुढे ठेवली, योद्ध्याला आणि स्वतःला तीन तीन घेतली. ताईनं जाड पुठ्ठ्याची फाईल आपल्यापुढे उभी केली. सूत्रधाराचे कागद आणि फासा त्याआड. गोष्ट नव्यानं सुरू झाली, दगड झालेला राक्षसही पुन्हा जिवंत. राक्षसाच्या मुलखातून पलीकडच्या गावात औषधाची पेटी पोचवायची होती.

पहिली आडवी आली नदी, दोन्ही काठ खात चाललेली. धाकटीनं पाण्याकडे पाहावं तसं टेबलाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली,

"नदी, थांब जरा."

तीन बटणं ताईकडे सरकली. 'जरा' म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नव्हतं. फासा गडगडला. तेरा. नदी थांबली, तिघं उतरली, शेवटी काकूंची चोरटी काठावर पाय ठेवते तोच पाणी पुन्हा धावलं.

"माझी एक चप्पल गेली का?" काकूंनी काळजीनं विचारलं.

"ओली झाली फक्त."

पुढे डोंगर. धाकटीचे ओठ हलले, आवाज नाही. मग, "वाट दे, डोंगरा."

"जरा, डोंगरा! जुळलं!" योद्ध्यानं टेबलावर थाप मारली आणि एक बटण तिच्याकडे परत ढकललं. पण फाशावर चार. डोंगरानं वाट दिली. किती रुंद ते सांगितलं नव्हतं. योद्धा चिलखतासकट मधेच अडकला.

"मेव्हणीबाई, एक शब्द अजून टाकला असतात! 'रुंद' म्हणायला काय झालं होतं?"

धाकटीनं वहीत लिहून दाखवलं: "तुम्ही बारीक व्हायला काय झालं होतं?"

चिलखत तिथंच सोडून योद्धा सदऱ्यावर पुढे निघाला. डोंगराच्या पोटात काळाकुट्ट अंधार. काकूंच्या चोरटीनं भिंत चाचपडत एक घरटं शोधलं, आणि धाकटी म्हणाली, "उजेड धर, पाखरा." फाशावर सतरा. पाखरानं चोचीत चांदणीएवढा उजेड धरला आणि पुढे पुढे उडत राहिलं. एक बटण परत. पाच उरली.

ताई प्रत्येक मंत्र वहीत टिपत होती, एकाखाली एक. तिसरा लिहिला आणि तिची पेन्सिल थांबली.

नदी, थांब जरा
वाट दे, डोंगरा
उजेड धर, पाखरा

बटण परत मिळवायला शेवट जुळला की पुरतं. इथं तर दुपारभर एकच ओवी चालली होती. तिनं मान वर केली. धाकटी बटणांकडे बघतच नव्हती. नजर छताला, बोटं मांडीवर ठेका धरून. चौथी ओळ शोधत होती पठ्ठी.

आणि चौथा तर राक्षस होता.

तो गुहेच्या तोंडाशी उभा होता, तीन सावल्या घेऊन. "माझ्या डोंगराला वाट कुणी पाडली?" त्यानं विचारलं. योद्ध्याच्या अंगावर चिलखत नाही. चोरटीच्या हातात औषधाची पेटी.

"पोरी, पाच बटणं आहेत," काकू पुढे सरकून म्हणाल्या. "'राक्षसा, आम्हाला सोडून दूर जा.' बरोबर पाच. मोजलेत मी. म्हण."

"म्हणा, म्हणा," योद्धा म्हणाला.

धाकटीनं मान हलवली. नाही. तिच्या डोळ्यांत ऑपरेशनच्या आधीची भोंगेगिरी चमकली. तिनं दोनच बटणं पुढे केली, राक्षसाकडे हात पसरला आणि म्हणाली,

"ये घरा."

कुणाच्या घरी? कशाला? तिनं काहीच सांगितलं नव्हतं. सगळं फाशावर सोडून दिलं होतं, एका यमकापायी, दोन शब्दांपायी.

ताईनं फाईलीआड फासा टाकला. सहा.

तो सहा एकट्या ताईला दिसत होता. पुठ्ठ्याच्या अलीकडे ती आणि फासा, पलीकडे तिघांचे चेहरे. मधला बहिणीचा, लालसर, घाम आलेला, किती दिवसांनी असा जागा झालेला. बारा म्हटलं तर कोण बघायला येतंय? राक्षस पाहुणा होऊन मागोमाग येईल, गावाला औषध पोचेल, ओवी जिंकेल. इतकी गोड ओवी. तोंडात बारा तयार होता.

ताईनं फाईल उचलली आणि आडवी ठेवली. फासा सगळ्यांसमोर उघडा पडला.

"सहा," ती म्हणाली. "राक्षस घरी जातो. स्वतःच्या. तुम्हा तिघांना पोत्यात घालून."

एकच गलका झाला.

"पोत्यात!" शिंपीणकाकू उभ्याच राहिल्या, गुडघे विसरून. "अगं कार्टे, बटणं हातात शिल्लक आणि आपण पोत्यात! यमक हवं होतं हिला! औषधाची पेटी उलटी झाली असेल माझी!"

"मला सदऱ्यावर पकडलं," योद्धा कळवळून म्हणाला. "आजवर कुणी सदऱ्यावर नाही पकडलं."

धाकटी हसत होती. तिच्या हसण्याला अजून आवाज नव्हता, खांदे तेवढे गदगदा हलत होते. हसणं आवरलं तशी तिनं नियमांची वही ओढली, पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वळून चक्क मोठ्यानं म्हणाली,

"ताई, हे चूक आहे. हाक मी मारली. मारणाऱ्याचंच घर."

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहायला पाहिजे."

"'माझ्या' म्हणायला एक बटण लागलं असतं. होतं तुझ्याकडे."

"ओळ बिघडली असती!"

"मग बस पोत्यात."

"मेव्हणीबाई, जपून," नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. "दहातली सहाच मिनिटं उरलीत आईंच्या फोनसाठी."

"तीन पुरे आईला," धाकटी म्हणाली. "तीन हिच्याशी भांडायला." आणि ती भांडली. सावकाश, शब्द मोजून, घसा सांभाळून, पण एक पाऊल मागे न घेता भांडली. ताईनंही तिला तसूभर सोडलं नाही. तीन मिनिटं झाली तेव्हा निकाल होता तोच राहिला, आणि धाकटी हरली. काकूंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, अगदी मनापासून.

ताईनं ओवीची चौथी ओळ वहीत लिहिली.

"पोत्यात अंधार आहे," ती म्हणाली. "राक्षसाच्या घरी चूल पेटल्याचा वास येतोय. पोत्याला शिवण आहे, पण जाड. तीन बटणं जादूगारिणीकडे, यमकाचं एक धरून चार. तीन योद्ध्याकडे, तीन चोरटीकडे. काय करताय?"

तिन्ही डोकी टेबलावर एकत्र झुकली.

"शिवण कसली आहे ते आधी सांग," शिंपीणकाकू म्हणाल्या.